अठ्ठाविसावं पान

मे महिना, नागपूर, पारा ४५ला टेकलेला, कूलर घरघरतोय, आणि पोरगं बर्फातल्या कुत्र्याचं पुस्तक घेऊन छातीवर चढून बसलंय. बर्फ त्याला गोळ्यापुरताच ठाऊक.

चित्रपुस्तकाला पानं बहुधा ३२, कारण छापील कागदाच्या घड्या १६-१६ पानांच्या पडतात. घात करायला तेवढी पुरतात. बाराव्यापर्यंत जीव लावायचा, विसाव्यावर वादळ, अठ्ठाविसाव्यावर आपला आवाज बसला. मुलं मात्र रडत नाहीत, चौकशी करतात. हाचिको नावाच्या जपानी कुत्र्याचे मालक १९२५ मध्ये वारले, तरी तो १९३५ पर्यंत टोकियोच्या शिबुया स्टेशनाबाहेर वाट पाहत राहिला. आपण आवंढा गिळतोय, तर खालून प्रश्न, "मंग तो जेवत कुठे होता?" उत्तर तयार ठेवा: आसपासचे लोक खाऊ घालत. "आन् आंघोळ?" इथं माझी विद्या संपते.

बाल्टो कुत्र्याच्या गोष्टीला हात लावताना जपून. १९२५ सालीच अलास्कातल्या नोम गावी घटसर्पावरचं सीरम न्यायला बर्फगाड्यांचे २० गाडीवान आणि त्या ओढणारे दीडशे कुत्रे आळीपाळीनं सुमारे १०८५ किलोमीटर धावले, साडेपाच दिवसांत. शेवटच्या टप्प्यावर बाल्टो होता, म्हणून न्यूयॉर्कात पुतळा त्याचा. सगळ्यात लांब नि जीवघेणा टप्पा टोगो नावाच्या दुसऱ्या कुत्र्यानं काढला. हे रात्री सांगू नये. टोगोला न्याय मिळेपर्यंत घरात कोणी झोपत नाही.

दोन पानं एकदम उलटायची युक्तीही चालत नाही. चित्रं पाठ असतात. "बाबा, अस्वल राह्यलं."

पण खरा वैरी कूलर. ह्या पुस्तकांच्या गुळगुळीत आर्ट पेपरवर चिनी मातीचा लेप असतो. कूलरचे थेंब उडाले की तो लेप मऊ पडतो आणि सुकताना समोरासमोरची पानं डिंकासारखी धरतो. वाळल्यावर ओढलं तर कुत्र्याचं नाक पलीकडच्या पानावर जातं. ओलं असतानाच पानापानांत बटर पेपर घालावा, पुस्तक उभं करून पंख्याखाली ठेवावं आणि थोड्या थोड्या वेळानं बटर पेपर बदलावा. घाईनं इस्त्री फिरवू नये, उन्हात तर मुळीच नको. पानं पापडासारखी वाकतात.

२८ आणि २९ चिकटली असतील तर मात्र मी बोट लावत नाही. सत्ताविसाव्यावर कुत्रा वादळात धावतोय, उलटलं की थेट तिसावं. पोरगं दोन क्षण गप्प बसतं.

"बाबा, हा पुतळा काहून बसवून राह्यले?"