सेव्ह केलं होतं, राजेहो!

सगळ्यात आधी एक सांगून ठेवतो. "सेव्ह नव्हतं केलं का?" असं ज्याला विचारायचंय, त्याने इथूनच परत जावं. केलं होतं. कंट्रोल-एस दाबून दाबून कीबोर्डवरचा एस पुसून गेलाय माझा. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाइप करतानाही बोटं आपोआप तिकडे जातात. सेव्ह केलं, आणि सेव्ह होता होताच व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर मेलं. नीट वाचा. सेव्ह करायला विसरलो म्हणून काम गेलं नाही, सेव्ह केलं म्हणून गेलं.

काम होतं मारबतीचं. नागपूरबाहेरच्यांसाठी थोडक्यात: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्याकडे मारबतीची मिरवणूक निघते. मारबत म्हणजे बाईच्या रूपातला मोठा पुतळा. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. सोबत बडगे, म्हणजे पुरुषी पुतळे. महागाई, भ्रष्टाचार, रस्त्यावरचे खड्डे, वर्षभरात जे जे लोकांच्या डोक्यात गेलं असेल त्याचे पुतळे करून मिरवायचे आणि शेवटी जाळायचे. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" इतवारीत त्या गर्दीत उभं राहिलं की आवाज छातीत वाजतो. एका मंडळाला त्यांच्या बडग्याचा आठ-दहा मिनिटांचा व्हिडिओ पाहिजे होता, दुसऱ्या दिवशी सकाळी. घाई रास्तच होती. मारबतीचा व्हिडिओ तिसऱ्या दिवशी टाकला तर कोणी ढुंकून पाहत नाही, तोपर्यंत सगळे गणपतीला लागलेले असतात.

फुटेज तीन ठिकाणचं. एक माझा कॅमेरा, एक मित्राचा, आणि ओळखीच्या एका काकूंच्या गॅलरीत लावलेला मोबाइल. आता "मोबाइलचं फुटेज टाकलं असशील, म्हणून लटकलं" असं म्हणणारे येतील, म्हणून आधीच सांगतो. मोबाइल फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं घ्यायची तो वेग, एकसारखा ठेवत नाही हे मला माहीत आहे. उजेड कमी झाला, फोन तापला की तो हळूच फ्रेम खातो, आणि पाच-सात मिनिटांनी ढोल आधी वाजतो न् काडी नंतर पडते. म्हणून मी ते फुटेज हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून आधीच कॉन्स्टंट, म्हणजे एकसारख्या, फ्रेम रेटमध्ये काढून घेतलं होतं. मित्राचा नवा कॅमेरा १०-बिट ४:२:२ एच.२६५ नावाच्या, रंग जास्त टिपणाऱ्या पण घट्ट दाबलेल्या, प्रकारात व्हिडिओ देतो. बऱ्याच ग्राफिक्स कार्डांना ते हार्डवेअरवर उलगडता येत नाही आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो, हेही माहीत आहे. म्हणून सगळ्याच्या प्रॉक्सी, म्हणजे एडिटपुरत्या हलक्या नकला, बनवल्या. ड्रायव्हर ताजा, डिस्कवर जागा भरपूर, कॅशे, म्हणजे तात्पुरत्या फाइली, वेगळ्या एसएसडी डिस्कवर. म्हणजे यूट्यूबवर जी जी पोट्टी "क्रॅश टाळायचे उपाय" सांगून राहिलीत, ते सगळे आधीच करून बसलो होतो.

आणि सिंक, म्हणजे तिन्ही कॅमेऱ्यांच्या क्लिप एकमेकांशी जुळवणं! आवाजाची वेव्हफॉर्म, म्हणजे त्याच्या चढउताराची रेघ, बघून सॉफ्टवेअर क्लिप आपोआप जुळवतं म्हणे. जाहिरातीत एक माणूस शांत खोलीत टाळी वाजवतो, तिथं जुळतही असेल. मारबतीत एकीकडे ढोल, एकीकडे डीजे, मधात हजारभर लोकं ओरडून राहिलेले. त्याची वेव्हफॉर्म म्हणजे एक जाडजूड पट्टा, वर ना खाली. सॉफ्टवेअरने दहा मिनिटं विचार केला आणि हात वर केले. मग मी डोळ्याने जुळवलं. एका ढोलवाल्याने लाल फडकं बांधलं होतं, तो तिन्ही कॅमेऱ्यांत दिसत होता. त्याची काडी चामड्याला लागते ती फ्रेम शोधायची, मार्कर टाकायचा, दुसऱ्या कॅमेऱ्यात तीच काडी शोधायची. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हे केलं.

मग रात्री, दीड वाजून गेला असेल, शेवटचा भाग बसला. एक लहान पोरगं बापाच्या खांद्यावर बसून दोन्ही कान दाबून राहिलंय आणि तरीही हसून राहिलंय. तो शॉट ठोक्याच्या बरोबरीने लावला तर मेला वाटत होता. सहा फ्रेम आधी ओढला, आणि जिवंत झाला. त्या सहा फ्रेमवर मी खुश झालो, स्वतःशीच "वा बे" म्हटलं, आणि कंट्रोल-एस दाबलं.

गोल चकरी फिरायला लागली. पडदा पांढुरका झाला. वर नावापुढे "नॉट रिस्पॉन्डिंग". अशा वेळी माउसला हात लावायचा नाही, पंखा बंद करायचा नाही, मोठ्याने श्वासही घ्यायचा नाही, हे प्रत्येक एडिटरला ठाऊक असतं. तरी ते गेलं. एक शब्द न बोलता गेलं. खाली डेस्कटॉप, त्यावर माझ्या भाचीचा फोटो.

आणि लाइट गेलीच नव्हती हो! आमच्याकडे कॉम्प्युटरवर काम करणाऱ्याला सगळी भीती लाइटची असते. ढग जरा गडगडले की हात आधी सेव्हकडे. म्हणून इन्व्हर्टर, त्यावर यूपीएस, असा दुहेरी खर्च करून बसलोय. ती बिचारी लाइट त्या रात्री पंखा न् ट्यूबलाइट घेऊन निमूट उभी होती.

परत उघडलं. "मागच्या वेळी प्रोजेक्ट अनपेक्षितपणे बंद झाला. रिकव्हर करायचा?" करायचा नाही तर काय, लोणचं घालायचं का त्याचं? हो म्हटलं. उघडला. नाव तेच, टाइमलाइन, म्हणजे क्लिप ओळीने लावायची पट्टी, कोरी. फोल्डरमध्ये जाऊन पाहिलं तर प्रोजेक्ट फाइलचा आकार शून्य केबी. म्हणजे सेव्ह करताना यानं जुनी फाइल आधी पुसली, नवी लिहायला घेतली आणि मधातच जीव सोडला. जुनी गेली, नवी आलीच नाही.

इथं माझं डोकं खरंच सटकतं. हे काही अवघड शास्त्र नाही. नवी फाइल बाजूला वेगळ्या नावाने पूर्ण लिहायची, डिस्कवर नीट उतरली का बघायचं, आणि मगच तिला जुनीचं नाव द्यायचं. मधात काही झालं तरी जुनी हातात राहते. ही पद्धत कित्येक वर्षांची आहे, साधे साधे टेक्स्ट एडिटरही असंच करतात. आणि प्रोजेक्ट फाइल असते तरी केवढी? शेकडो जीबीचं फुटेज त्यात नसतंच. कोणती क्लिप, कुठून कुठपर्यंत, कोणत्या ट्रॅकवर, कोणता इफेक्ट, एवढीच नोंद. काही एमबींचा कारभार. एवढंसं सांभाळता येत नाही, न् म्हणे आम्ही आठ-के एडिट करतो!

"ऑटो-सेव्ह असेल ना?" आहे. दर पाच मिनिटांनी असं सेटिंगमध्ये लिहिलंय. फोल्डर उघडलं तर शेवटची फाइल संध्याकाळी पावणेआठची. कसं काय? तर यांचं ऑटो-सेव्ह तुम्ही जरा थांबलात की चालतं. टाइमलाइन वाजत असली, एखादी खिडकी उघडी असली, तर साहेब वाट पाहतात, आणि वाट पाहून राहिलोय असं सांगतही नाहीत. काम करणारा माणूस थांबेल कशाला? म्हणजे जो पानठेल्यावर जाऊन बसतो त्याचं काम सुरक्षित, आणि जो खुर्चीला चिकटून राहतो त्याचं गेलं.

मित्राला फोन केला. त्याचं पहिलं वाक्य, "सेव्ह नोता केला का बे?" दुसरं, "पण फुटेज तर आहे ना?" आहे ना बाप्पा! फुटेज सगळं आहे, एक फ्रेम हललेली नाही. पण ते तर सकाळी कार्डमधून काढलं तेव्हाही होतं. मधात मी काय करून राहिलो होतो मग, माश्या मारून राहिलो होतो? त्या तीन-साडेतीन तासांच्या पसाऱ्यातून कोणते तुकडे घ्यायचे, कोणते फेकायचे, ते सहा फ्रेम आधी का ओढायचं, हेच तर काम. ते त्या शून्य केबीत होतं. ते परत करताना हात तेच असतात, पण पहिल्यांदा सुचलं तसं सुचत नाही. दुसऱ्यांदा नुसतं आठवावं लागतं. वर हाच मित्र म्हणाला, "पुढच्या वर्षी याचाच बडगा काढ." मला हसू आलं नाही.

सकाळी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, एका कॉम्प्युटरवाल्याकडे गेलो. त्याने न बघताच विचारलं, "ओरिजिनल आहे का क्रॅक?" ओरिजिनल आहे भाऊ. दर महिन्याला पैसे कापतात, वर १८ टक्के जीएसटी. तो असा हसला, जसं काही मूर्खपणा मीच केला. त्याचं म्हणणं, क्रॅकवाल्यांचं जुनं व्हर्जन वर्षानुवर्षं मस्त चालून राहिलं, कारण त्यांच्याकडे अपडेटच येत नाही. ऐकून जीव जळला. मी चोरी करत नाही, म्हणून मला दर दोन महिन्यांनी नवीन किडे मिळतात. आणि एकदा नव्या व्हर्जनमध्ये प्रोजेक्ट उघडला की तो जुन्यात परत उघडत नाही. म्हणजे मागे जायची वाटही बंद.

कंपनीच्या चॅटवर गेलो. आधी बॉट. मग माणूस, की माणसाच्या नावाचा दुसरा बॉट, देव जाणे. कॅशे साफ करा. ड्रायव्हर अपडेट करा. सॉफ्टवेअर काढून परत टाका. कॉम्प्युटरवर नवीन यूजर अकाउंट बनवून बघा. मी म्हटलं, फाइल शून्य केबी झाली आहे, नवीन यूजरने त्यात काय भरणार? उत्तर आलं, "तुमच्या अडचणीबद्दल आम्हाला खेद आहे. आणखी काही मदत करू का?" आणि तासाभराने मेल, आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल? आई आतून म्हणाली, "त्या डब्ब्याशी काय भांडून राहिला रे सकाळी सकाळी?"

२०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने नागपूरचं तापमान ५६ अंश दाखवलं होतं, आठवतं का? देशभर बोंब झाली. मग हवामान खात्याने तपासलं आणि सरळ सांगितलं, सेन्सर बिघडला होता, आकडा चुकीचा आहे. झालं. विषय मिटला. यंत्र बिघडतं, समजू शकतो आपण. पण "आमचं बिघडलं" हे दोन शब्द या सॉफ्टवेअरवाल्यांच्या तोंडून कधी येतच नाहीत. तुमचं कार्ड जुनं आहे, तुमची रॅम कमी आहे, तुमचं फुटेज वाकडं आहे. सगळं तुमचंच. संगणकावर एडिटिंग सुरू होऊन पस्तीसेक वर्षं झाली, अजून सेव्ह नावाचं बटण भरवशाचं नाही, आणि दोष माझ्या रॅमचा!

तोवर नवीन काय येऊन राहिलं ते बघा. एआयने मागची माणसं गायब करा. एआयने आकाश बदला. एआयने ओठ हलवा. मला नको आहे हो आकाश बदललेलं! भाड्याच्या घराचं छत गळून राहिलंय, भाडेकरू बादल्या लावून बसलाय, आणि घरमालक गेटला सोनेरी रंग देऊन भाडं वाढवून राहिलाय. आणि त्याच वेळी लोकांना कौतुकाने सांगतो की बघा, गेट किती चमकतं. एक व्हर्जन असं काढा ना, की ज्यात एकही नवीन बटण नाही. फक्त जी आहेत ती चालतात. त्याचे दुप्पट पैसे देतो, आत्ता देतो.

सॉफ्टवेअर बदल, म्हणणारे आहेतच. बदलीन. पण जुन्या सगळ्या लग्नांचे प्रोजेक्ट यातच अडकलेत, आणि नवऱ्या मुलीच्या मामाला वर्षभराने आठवतं की टीझरमध्ये आपण नाही. एक्सएमएल, म्हणजे एडिटची नोंद असलेली फाइल, काढून दुसरीकडे नेता येतं, हो, पण त्यात कट तेवढे जातात. रंग, टायटल, निम्मे इफेक्ट वाटेतच गळतात. एवढं साधं असतं तर कोण बसलं असतं इथं.

शेवटी वाचवलं ते व्हॉट्सअ‍ॅपने. रात्री अकराच्या सुमारास मंडळाच्या सचिवांना रफ कट पाठवला होता, पार दाबून दाबून मऊ झालेला, माणसांचे चेहरे भिजलेल्या कागदासारखे. तोच डाउनलोड केला, सगळ्यात वरच्या ट्रॅकवर टाकला, आणि खाली एकेक कट बघून मूळ क्लिप परत बसवत गेलो. अकरानंतरचं सगळं त्यात नाहीच. खांद्यावरचं पोरगं नाही. सचिवांचे फोन सुरूच होते: "भाऊ, झाला का? पोट्टे वाट पाहून राहिले." संध्याकाळी दिला. त्यांनी पाहिला, छान म्हणाले, आणि ठरल्यापेक्षा कमी पैसे पाठवले, उशीर झाला म्हणून. त्यांचं चूक म्हणता येत नाही. त्यांच्या व्हिडिओच्या आधी दुसऱ्या मंडळाचा, मोबाइलवर कापलेला, गावभर फिरून झाला होता.

आता परत तोच प्रोजेक्ट उघडून बसलोय, कारण ते पोरगं मला पाहिजे. यावेळी दर पंधरा मिनिटांनी नवीन नावाने सेव्ह करून राहिलोय, पेन ड्राइव्हवर वेगळी कॉपी, आणि हे काम मी करायचं की ज्याला दर महिन्याला पैसे देतो त्याने, हा प्रश्न तोंडावर आला की गिळतो. लाल फडक्यावाला ढोलवाला गॅलरीच्या शॉटमध्ये अजून दोन फ्रेम मागे आहे. जातो.