‘सेट अपुरा, प्राणी चुकीचे’ या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा दोन स्टारचा अभिप्राय वाचला. चार खंड चार बायकांच्या रूपात दाखवणाऱ्या जुन्या चित्रांचा सेट तुम्ही आमच्याकडून घेतलात. तक्रार अशी की अमेरिकेला कोकणातलं खवले मांजर दिलंय, आशियाला हत्ती सोडून उंट, आणि युरोपला प्राणीच नाही, म्हणजे ते प्रिंट अर्धवट छापलंय.

आधी आमची चूक. वेबसाइटवर ‘चार खंड, चार प्राणी’ असं आम्हीच लिहिलं होतं. प्राणी तीनच आहेत. मजकूर काल बदलला. काचेवरचा ओरखडाही तुमच्या फोटोत स्पष्ट दिसतो. ती फ्रेम आमच्या खर्चाने बदलून देतो.

चित्रं मात्र मुळाबरहुकूम आहेत. १६व्या शतकाच्या अखेरीस अँटवर्पच्या (आजच्या बेल्जियममधलं शहर) चित्रकार मार्टेन दे व्होसने ती रेखाटली, आद्रियान कोलार्टने तांब्याच्या पत्र्यावर कोरली. आशिया उंटावर, आफ्रिका मगरीवर, अमेरिका आर्मडिलोवर (तिकडचा कवचवाला प्राणी), आणि युरोपबाई थेट पृथ्वीच्या गोलावर! हा तोरा अँटवर्पचा, आमच्या छपाईचा नव्हे.

खवले मांजर समजून मीही पहिल्यांदा फसलो होतो. पण खवले मांजराचे खवले कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात. आर्मडिलोचं कवच हाडाचं, मधोमध आडवे पट्टे. बाईला पाठीवर घेण्याएवढा आर्मडिलो अर्थातच नसतो. दे व्होस काही अमेरिकेला गेला नव्हता. त्या काळी युरोपात हौशी संग्राहकांकडे वाळलेली कवचं पोचायची, त्यावरून जिवंत जनावर कसं असेल ते कोण सांगणार?

हत्तीबद्दल तुमचं अगदीच चूक नाही. लंडनच्या अल्बर्ट मेमोरियल या स्मारकाच्या शिल्पांत (१८७२) आशिया हत्तीवरच बसलीय आणि उंट आफ्रिकेकडे गेलाय. पण चेझारे रिपा या इटालियन लेखकाच्या प्रतीककोशाच्या १६०३च्या सचित्र आवृत्तीत आशियाजवळ उंटच आहे, आणि रोमन नाण्यांवर हत्तीचं मुंडकं टोपीसारखं घातलेली बाई म्हणजे चक्क आफ्रिका. ज्या त्या काळाने जनावरं अशी हवी तशी वाटून घेतली.

तरीही सेट नको असेल तर पूर्ण पैसे परत देऊ. ओरखड्याची फ्रेम न्यायला आमचा मुलगा येईलच, तेव्हा बाकीचं त्याच्याकडेच द्या. आर्मडिलो परत आला तर विकणार नाही, गल्ल्यामागे लावीन म्हणतो.