वेल मेली की करार संपला: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

गेल्या महिन्यात मी स्पेनमधल्या कातालोनियातल्या तोरेस कुटुंबाच्या वायनरीवर लिहिलं, त्यावर ‘शिवार’ या नावाने तुमची सविस्तर प्रतिक्रिया आली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं अशी ती नव्हती, म्हणून वेगळं लिहितोय. ज्यांच्या वाचनात ती आली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं, की मी मालकांचा इतिहास लिहिला आणि वेलीला हात लावणाऱ्यांचा गाळला. ‘पाच पिढ्यांचं कुटुंब’ हे बाटलीवर छापायचं वाक्य, ते मी खरं मानून बसलो. त्यांची भरभराट दुसऱ्यांच्या युद्धामुळे झाली. फ्रेंच वाण लावून फ्रेंचांना हरवलं, त्यात कसलं कौतुक? आणि शेवटी, दारूचे गोडवे गायचेच कशाला?

पहिला मुद्दा पूर्ण बरोबर आहे, आणि तो माझ्याकडून सुटायला नको होता. मी निफाड तालुक्यातल्या द्राक्षवाल्याच्या घरात वाढलो. छाटणीला पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या टोळ्यांच्या हातांवर आमची बाग उभी राहते हे मी लहानपणापासून बघतोय. तरीही पेनेदेस या द्राक्षपट्ट्यातल्या त्यांच्या गावाबद्दल, विलाफ्रांका देल पेनेदेसबद्दल, लिहिताना माझ्या लेखात क्यूबाहून परतलेला संस्थापक झाउमे तोरेस आला, त्याचा भाऊ मिकेल आला, वायनरी सुरू झाली ते 1870 साल आलं. रबासाइरे, म्हणजे तिथली द्राक्षं पिकवणारी कुळं, आली नाहीत. त्यांचं आता सांगतो. ही एका घराण्याची गोष्ट नाही, सगळ्या पेनेदेसची आहे.

तिथे द्राक्षशेतीची एक जुनी कूळपद्धत होती, ‘रबासा मोर्ता’. रबासा म्हणजे वेलीचं बुडखा-मूळ, मोर्ता म्हणजे मेलेली. जमीन मालकाची. ती फोडायची, दगड वेचायचे, वेली लावायच्या आणि जगवायच्या कुळाने, आणि पिकाचा ठरलेला वाटा मालकाला द्यायचा. या कराराची मुदत वेलींच्या आयुष्यात मोजली जायची. लावलेल्यांपैकी दोन तृतीयांश वेली मेल्या, की करार संपला आणि जमीन मालकाकडे परत गेली.

आता तुम्ही शेतीतले आहात हे तुमच्या भाषेवरून कळतं, म्हणून पुढचं तुम्हाला लगेच लक्षात येईल. कुळं वेल मरूच देत नसत. वेल थकली की तिची एक लांब काडी न छाटता राखायची, शेजारी चर खणून ती काडी त्यात वाकवून दाबायची, वर माती ओढायची आणि शेंड्याचे दोन-तीन डोळे तेवढे बाहेर ठेवायचे. आपलं दाब कलम. मातीतल्या डोळ्यांना मुळं सुटतात आणि वर्षा-दोन वर्षांत म्हाताऱ्या आईशेजारी नवी वेल उभी राहते. मालकाला ती ‘नवी लागवड’ म्हणता येत नसे, कारण वेल तीच, फक्त पुढे सरकलेली. अशा दाबांवर बापाचा करार मुलाकडे जायचा.

मग फिलॉक्सेरा आला. अमेरिकेतून आलेली, मुळांवर जगणारी, माव्याच्या जातकुळीतली बारीक कीड. आधी तिने फ्रान्स खाल्ला आणि त्या टंचाईत कातालान वाइनला सोन्याचा भाव आला. माझ्या लेखात एवढंच होतं. पण 1887 च्या सुमाराला ती पेनेदेसमध्ये उतरली आणि बागा वाळत गेल्या. वेली मेल्या म्हणजे करारही मेले. उपाय एकच निघाला: खाली अमेरिकन मुळकांड, वर देशी काडीचं कलम. आम्ही डॉगरिज या मुळकांडावर कलम बांधतो ते क्षारांसाठी आणि पाण्याच्या ताणासाठी. त्यांना ते जीव वाचवायला बांधावं लागलं. मात्र कलमी वेलीला दाब चालत नाही. दाबलेल्या काडीला मुळं सुटतात ती वरच्या देशी वाणाची, आणि कीड नेमकी तीच खाते. त्यातून कलमी वेल जुन्यांएवढी जगतही नाही. म्हणजे एका किडीने कुळाच्या हातातलं करार लांबवण्याचं एकमेव हत्यार काढून घेतलं. पुढची पन्नास वर्षं तिथे जो संघर्ष पेटला, 1922 मध्ये रबासाइरांची जी संघटना उभी राहिली, 1934 मध्ये कातालान विधिमंडळाने कुळांना जमीन विकत घेता यावी म्हणून जो कायदा केला आणि त्याच वर्षी माद्रिदच्या घटना न्यायालयाने जो रद्द ठरवला, त्या सगळ्याचं मूळ या मेलेल्या मुळांत आहे. आपल्याकडे कूळकायद्यावरून घराघरांत काय झालं ते आठवा, म्हणजे तिथली आग समजेल.

हा भाग मूळ लेखात घालतोय. तुमच्यामुळे.

युद्धाचा मुद्दाही मी नाकारत नाही, पण तो अर्धाच सांगितलात. संस्थापकांची वायनरी मोठी होती. एवढं प्रचंड लाकडी पिंप त्यांनी बांधलं होतं, की राजा तेरावा आल्फोन्सो त्याच्या आत बसून जेवला. 1932 मध्ये वडील गेले आणि धंदा मिगेल तोरेस कार्बो यांच्या अंगावर पडला, तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. चार वर्षांत स्पेनचं यादवी युद्ध. जानेवारी 1939 मध्ये फ्रँकोच्या फौजा बार्सिलोनाकडे सरकत असताना विलाफ्रांकावर बाँब पडले. वायनरी रेल्वे स्टेशनला लागून, ती उद्ध्वस्त झाली. म्हणजे दुसऱ्यांच्या युद्धाने त्यांना दिलं त्याआधी स्वतःच्या युद्धाने त्यांचं सगळं नेलं होतं.

फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर अमेरिकेत फ्रेंच वाइन मिळेनाशी झाली, ही संधी खरीच. ती एकट्या तोरेसना नव्हती, सगळ्या स्पेनला होती. फरक असा, की मिगेल कार्बो आणि त्यांच्या पत्नी मार्गारिता स्वतः तिकडे गेले आणि एकेक रेस्टॉरंटचं दार वाजवत हिंडले. त्यापेक्षाही मला मोठा वाटतो तो त्यांचा दुसरा निर्णय: पिंपाने वाइन विकायची बंद करून स्वतःच्या नावाने बाटली भरायची. टँकरने माल देणारा आणि स्वतःचा खोका भरणारा यांतला फरक द्राक्षवाल्याला समजावून सांगावा लागत नाही. पहिल्याला भाव व्यापारी सांगतो. 1954 मध्ये ‘सांग्रे दे तोरो’ आली, बाटलीच्या गळ्यात इवलासा बैल लटकवलेली. जगभर ते घर त्या बैलावरून ओळखलं जाऊ लागलं.

आता काबर्ने, म्हणजे तो फ्रेंच वाण. तुमचा हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त टोचला, कारण त्यात तथ्य आहे. चौथ्या पिढीचे मिगेल आगुस्तिन फ्रान्समध्ये दिझाँला शिकून आले आणि त्यांनी 1966 मध्ये पाक्स देल पेनेदेसच्या मास ला प्लाना या बागेत काबर्ने सोव्हिन्याँ लावलं. त्याची 1970 ची वाइन 1979 मध्ये पॅरिसच्या स्पर्धेत ‘शातो लातूर’ या नामांकित फ्रेंच वाइनच्याही वर ठरली. मी ते विजयाच्या सुरात लिहिलं. तुम्ही विचारलंत: मग कातालोनियाची स्वतःची द्राक्षं कुठे गेली? बरोबर विचारलंत. फिलॉक्सेरानंतर पुन्हा लागवड करताना जे वाण कलमाला सोपे आणि उत्पादनाला भरघोस, तेच लावले गेले. बाकीचे बांधाला, ओढ्याकाठी, डोंगरउतारावरच्या पडीक पायऱ्या-शेतांत रानटी होऊन राहिले किंवा संपले. त्यात बाहेरचे वाण आले की उरल्यासुरल्यांनाही जागा राहत नाही. काबर्नेच्या बक्षिसाने ती वाट आणखी रुंद केली, हे मी मान्य करतो.

पण याच माणसाने 1980 च्या दशकात काय केलं ते बघा. गावोगावच्या वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या: तुमच्या शेतात ओळख न पटणारी जुनी वेल असेल तर कळवा. शेतकऱ्यांची उत्तरं आली. माणसं गेली, पानं बघितली, काड्या आणल्या. बहुतेक वेली ओळखीच्याच निघत. एखादी निघत नसे. मग खरं काम सुरू. जुन्या वेलीत विषाणू भरलेले असतात, म्हणून शेंड्याचा सूक्ष्म तुकडा प्रयोगशाळेत वाढवून निरोगी रोप करायचं. ते रोपवाटिकेत, मग शेतात. फळ धरायला तीन-चार वर्षं. मग मूठभर घडांची थोडीशी वाइन करून बघायची. एका हंगामावर विश्वास ठेवता येत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा बघायची. मग सरकारी नोंदणी. असे पन्नासहून जास्त वाण त्यांनी मिळवले आणि त्यांतले चांगल्या वाइनचे ठरले बोटांवर मोजण्याइतके. गार्रो आणि केरोल हे दोन पोब्लेतच्या मठाजवळच्या ‘ग्रान्स मुराल्लेस’ वाइनमध्ये गेले, तिचं पहिलं पीक 1996 चं. फोर्काडा हा पांढरा वाण उशिरा पिकतो आणि उन्हाळा कितीही तापला तरी आंबटपणा धरून ठेवतो. त्याची स्वतंत्र बाटली बाजारात यायला शोध सुरू झाल्यापासून तीसेक वर्षं लागली.

तीस वर्षं! आणि या वाणांची गरज आत्ता कळतेय. फेब्रुवारी 2024 मध्ये बार्सिलोना परिसरात दुष्काळाची आणीबाणी जाहीर झाली, बागांनी तीन वर्षं धड पाऊस बघितला नव्हता. उष्णतेत टिकणाऱ्या वाणाचा शोध तेव्हा सुरू करून काय उपयोग झाला असता?

‘कुटुंब’ या शब्दाबद्दल माझं म्हणणं इथे येतं, आणि इथे मी तुमच्याशी सहमत नाही. कुटुंबात माया असते म्हणून धंदा चांगला होतो असं मी म्हणत नाही. मिगेल कार्बोंनी 1991 मध्ये डोळे मिटेपर्यंत सूत्रं सोडली नाहीत. पन्नाशीच्या मुलाला ते सोपं गेलं असेल का? माझा मुद्दा साधा आहे: वेलीचं घड्याळ तीस-चाळीस वर्षांचं असतं. जो व्यवस्थापक पाच वर्षांत बदलणार, जो गुंतवणूकदार सात वर्षांत पैसे काढून घेणार, तो तीस वर्षांनी फळणाऱ्या काडीवर खर्च कसा मंजूर करेल? ज्याला आपली नात तिथे काम करताना दिसते तो करू शकतो. रबासाइरे दाब कलम करायचे ते याच हिशेबाने.

आणि कुटुंब टिकतंच असंही नाही. विलाफ्रांकाच्या शेजारचं सांत सादुर्नी बघा, तिथे कोदोर्निऊ आणि फ्रेशेनेत ही फेसाळ वाइनची दोन मोठी घराणी. कोदोर्निऊचे जुने कागद 1551 पर्यंत मागे जातात, पण 2018 मध्ये राव्हेन्तोस वारसदारांच्या घरातला बहुमताचा वाटा कार्लाइल या अमेरिकन गुंतवणूक कंपनीकडे गेला. त्याच वर्षी फ्रेशेनेतचा निम्म्याहून थोडा जास्त हिस्सा जर्मनीच्या हेंकेलने घेतला. वारसदार वाढतात, प्रत्येकाला वेगळं काही हवं असतं, आणि कुणालाच सगळं सांभाळायचं नसतं. आपल्या सातबाऱ्यावर हे रोज दिसतं. कातालोनियात जुन्या रिवाजाने थोरल्याला, ‘एरेऊ’ला, सगळी जमीन मिळायची आणि धाकट्यांनी बाहेर पडायचं. झाउमे धाकटा होता, म्हणून 1855 मध्ये क्यूबाला गेला, तेल आणि जहाजांत पैसा मिळवून परतला. रिवाज अन्यायाचाच. पण बागेचे तुकडे पडले नाहीत ते त्यामुळेच, हेही खरं. आमच्या घरी तीन वाटण्यांत विहीर एकाकडे आणि बाग दुसऱ्याकडे गेली. त्यानंतर पुढच्या हंगामापलीकडचा विचार कुणी करूच शकलं नाही.

दारूबद्दल. तुमच्या गावात काय झालं ते तुम्ही लिहिलंत, ते मी दोनदा वाचलं. आमच्याही वाडीत दारूने दोन घरं बसलेली मी बघितली आहेत आणि त्यावर माझ्याकडे वाद घालायला काही नाही. प्या असं मी कुठेही लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. माझा जीव वेलीत आहे.

शेवटचं तुम्ही विचारलंत, की यातून आपल्या माणसाने काय घ्यायचं. मला एवढंच सुचतं. माझे आजोबा आपल्याकडच्या जुन्या द्राक्षवाणांबद्दल, भोकरीबद्दल, फकडी आणि साहेबीबद्दल बोलायचे. बिनबियांचा थॉमसन आला, मांडव बदलले, औषधं बदलली, आणि मी भोकरीचा घड कधी झाडावर बघितलेला नाही. तुम्ही लिहिलंत की तुमच्या आत्याच्या परसात विहिरीच्या कठड्यावरून चढलेली एक जुनी वेल आहे, बियांची फळं येतात, नाव कुणाला ठाऊक नाही, मुलं आंबट म्हणून टाकून देतात. आत्यांना विचाराल का? ऑक्टोबरात छाटताना चार काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. मी घ्यायला येतो. आणि इतर कुणाकडे अशी वेल असेल तर खाली कळवा, पानाचा फोटो दोन्ही बाजूंनी काढून.