उल्हास नदीच्या वाळूत सोनं नाही

‘सोनं लाखापार गेलंय, बदलापूरला उल्हास नदीची वाळू घमेल्यात धुवा, छंदही आणि कमाईही’ असा संदेश ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. त्यातला भाव खरा; २०२५ मध्येच दहा ग्रॅमने लाख ओलांडला. बाकी खोटं. आपला खडक बेसाल्ट, लाव्हारसाचा. त्यात धुऊन निघेल इतकं सोनं नसतं. झारखंडच्या सुवर्णरेखा नदीत सोन्याचे कण मिळतात, कारण तिथले खडक वेगळे आणि कितीतरी जुने. इथे चमकतात ते बहुधा गारगोटीचे किंवा झिओलाइट या बेसाल्टमध्ये आढळणाऱ्या खनिजाचे स्फटिक. सुईने दाबा: सोनं चपटं होतं, स्फटिक होत नाही. सोनं धुणारे झारेकरी आपल्याकडेही असतात, पण ते सराफांच्या दुकानातला केर धुतात, नदी नाही! शिवाय विनापरवाना वाळू उपसल्यास महसूल खातं दंड करतं.