ट्रान्सफॉर्मर वजनावर पारखू नका

मॉडेल रेल्वेचा नाद असलेल्या मुंबईकरांच्या फोनवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: गाडीला वीज देणारा जुना लोखंडी ट्रान्सफॉर्मर जड, म्हणून दणकट, आणि नवे हलके सप्लाय कचरा. जास्त अँपिअरचा सप्लाय इंजिन जाळतो. अमेरिकेहून आणलेला पॅक, म्हणजे गाडीला वीज देणारी पेटी, स्टेप-डाउन (व्होल्ट कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) लावून बिनधास्त चालवा. काहीच नाही मिळालं तर लॅमिंग्टन रोडवरचा कुठलाही 12 व्होल्टचा अडॅप्टर रुळांना जोडा. या छंदात नव्याने येणाऱ्यांच्या घरात बहुतेकदा लहान मुलं असतात, त्यामुळे हे असंच फिरत राहणं मला धोक्याचं वाटतं.

पहिला मुद्दा वजनाचा. जुना ट्रान्सफॉर्मर 50 हर्ट्झवर काम करतो, त्यासाठी त्याला मोठा लोखंडी गाभा आणि भरपूर तांबं लागतं. नवा एसएमपीएस, म्हणजे हलका इलेक्ट्रॉनिक सप्लाय, तेच काम हजारो हर्ट्झवर करतो, म्हणून त्याचा गाभा लहान. यात दणकटपणाचा काही संबंध नाही. जुन्या पॅकचा गाभा वर्षानुवर्षं टिकतो हे खरंच, पण बाकीचं टिकत नाही. प्लग काढून ठेवा आणि वायर पेटीत शिरते तिथे ती हलकेच वाकवून बघा. रबर कडक होऊन तडकलेलं असेल तर फटीतून तांबं दिसेल. प्लग लावल्यावर त्याच तांब्यात 230 व्होल्ट असतात. पुष्कळ जुन्या पॅकना धातूची पेटी आणि दोन पिनांचा प्लग, म्हणजे अर्थिंग नाहीच. त्यात आपल्याकडचा पावसाळ्यातला दमटपणा. अशी वायर बदलल्याशिवाय तो पॅक सॉकेटला लावूच नका.

अँपिअरचा मुद्दा मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण त्यात अर्धं सत्य आहे. इंजिन लागेल तेवढाच करंट घेतं. एचओ गेजचं, म्हणजे खऱ्याच्या 1/87 आकाराचं, आजचं इंजिन चालताना साधारण अर्धा अँपिअर किंवा त्याहूनही कमी खातं, मग सप्लाय 2 अँपिअरचा असो की 5 चा. जाळतो तो शॉर्ट. डबा पॉइंटवर, म्हणजे गाडी रूळ बदलते तिथे, घसरला, धातूचं चाक दोन्ही रुळांना टेकलं, की 15 व्होल्टच्या 5 अँपिअर सप्लायची 75 वॉटपर्यंतची ताकद त्या जागी उतरू शकते. आपला घरचा सोल्डरिंग आयर्न 25 वॉटचा असतो. म्हणजे बोगीचं प्लास्टिक वितळायला किती वेळ लागेल याचा अंदाज करा. म्हणून दुकानदाराला आधी विचारा, शॉर्ट झाल्यावर हा किती लवकर ट्रिप होतो? जुन्या पॅकमधली वीज तोडणारी धातूची पट्टी तापून वाकेपर्यंत काही सेकंद जाऊ शकतात. चांगलं इलेक्ट्रॉनिक संरक्षण डोळ्याचं पातं लवायच्या आत तोडतं. घरी आणल्यावर सप्लायपासून सगळ्यात लांबच्या रुळांवर एक रुपयाचं नाणं आडवं टेकवा. सप्लाय लगेच बंद झाला नाही, तर आधी रुळांना जाणाऱ्या वायरी जाड करा आणि ढिले सांधे सोल्डर करा.

एसी-डीसीबद्दल त्या मेसेजमध्ये चकार शब्द नाही. दोन रुळांवरचं साधं एचओ इंजिन 12 व्होल्ट डीसीवर चालतं, लायोनेल या अमेरिकन कंपनीच्या पारंपरिक तीन रुळांच्या गाड्या 18 व्होल्टपर्यंतच्या एसीवर. डीसी मोटरला एसी दिला तर ती जागेवरच गुणगुणत तापते. आपल्या लोकल 1500 व्होल्ट डीसीवरून 25,000 व्होल्ट एसीवर नेताना दोन्हींवर चालणारे वेगळे रेक आणावे लागले होते. रूळ तेच असले म्हणून वीज कोणतीही चालत नाही.

कुठलाही अडॅप्टर थेट रुळांना जोडला तर इंजिन एकदम भरधाव सुटतं, कारण त्यात ना वेगाचा ताबा ना उलट दिशा. मध्ये कंट्रोलर हवाच, आणि अडॅप्टर त्या कंट्रोलरवर छापलेल्या व्होल्टचा. अडॅप्टरवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी दिसली नाही तर तो स्वस्त असला तरी सोडा.

राहिला स्टेप-डाउन. तो 230 चे 120 व्होल्ट करतो, पण हर्ट्झ बदलत नाही. फक्त 60 हर्ट्झसाठी बनवलेला पॅक आपल्या 50 हर्ट्झवर जास्त तापतो, घरघरतो. पॅकच्या तळाशी ‘100–240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ’ छापलं असेल तर स्टेप-डाउनची गरजच नाही, पिनेचा जोड पुरतो. फक्त ‘120 व्होल्ट, 60 हर्ट्झ’ असेल तर त्याच कंपनीचा 230 व्होल्टचा पॅक मागवा.