घासूनपुसून लावलेली वाट

तंबाखूचा जुना डॅनिश पाइप खराब कशाने होतो, असं विचारलं तर बहुतेक लोक सांगतील, "ओढून." साफ चूक. पन्नास वर्षं ओढला तरी पाइप फक्त काळा होतो. खराब होतो तो रविवारी सकाळी, दुसरा चहा झाल्यावर, एखाद्या हौशी माणसाने हातात घेऊन "जरा चमकवू या" म्हटलं की. मी हे त्याच हौशी जमातीचा सभासद म्हणून लिहितोय. जुनी नाणी जमवणारे निदान नाणी घासत नाहीत. आम्ही घासतो.

आधी माल काय आहे ते सांगतो, म्हणजे हात जरा आखडता राहील. पाइपचं लाकूड म्हणजे ब्रायर. भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी धरणारी टणक गाठ. ती उकळतात, महिनोन्‌महिने वाळवतात, मग कुठे तिला हत्यार लागतं. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कला ही गाठ मिळेना, तेव्हा पॉल नील्सन यांनी १९४२ मध्ये बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचे पाइप करायला घेतले. युद्ध संपलं, ब्रायर आलं. पण पाइप म्हणजे इंग्लंडचा, असा तेव्हा दबदबा. म्हणून धंद्याला 'स्टॅनवेल' असं इंग्रजी वळणाचं नाव दिलं आणि पुढे स्वतःचं आडनावही तेच करून टाकलं. आपल्याकडे आडनावावरून दुकान ओळखतात. इथे दुकानावरून आडनाव. मुंबईच्या पारशी मंडळींना यात काही नवल वाटणार नाही.

खरी उलथापालथ केली ती सिक्स्टन इव्हार्सन यांनी. जन्म १९१० चा, माणूस स्वीडनचा, पण जम बसला कोपनहेगनमध्ये, तोही दुसऱ्यांचे मोडके पाइप दुरुस्त करता करता. तोवरची रीत अशी होती की आधी लाकडाला भोकं पाडायची आणि मग भोकांभोवती आकार बसवायचा. सिक्स्टननी उलटं केलं. लाकडाचे रेषे जिकडे जातात तिकडे आकार न्यायचा, बाहेरचं अंग घडवून घ्यायचं आणि शेवटी ड्रिल. म्हणजे तयार मूर्तीच्या पोटातून दोन बाजूंनी दोन बोगदे खणायचे, आणि ते आत नेमके भेटले पाहिजेत. कोकण रेल्वेवाल्यांना विचारा, हे किती सोपं असतं ते. सिक्स्टनच्या हाताखालून जेस चोनोविच गेले, मुलगा लार्स तयार झाला, पुढे नात नॅना. समुद्राच्या पलीकडे माल्मोत बो नॉर्द होते. या मंडळींच्या पाइपच्या किमती कानावर आल्या की आम्ही मान खाली घालून मुकाट्याने जुन्या स्टॅनवेलकडे वळतो. स्टॅनवेलचे कित्येक आकार सिक्स्टननीच काढलेले आहेत, एवढं समाधान पुरतं.

आता खरेदी. आपण पाइप विकत घेतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात आपण विकत घेतो शँकवर ठोकलेली दोन मिलिमीटर उंचीची अक्षरं. शँक म्हणजे बाऊलपासून, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीपासून, निघणारी लाकडी मान. तिच्या अंगावर सगळी कुंडली असते. 'मेड इन डेन्मार्क' आणि 'हँड मेड इन डेन्मार्क' यांत फरक एका शब्दाचा, पण त्या शब्दासाठी माणसं भांडतात. स्टॅनवेलवर 'रेग. नं. ९६९-४८' दिसला तर पाइप साधारण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा किंवा त्याआधीचा समजावा. म्हणजे गळाला मोठा मासा लागला. 'बेन वेड'चं प्रकरण त्याहून मजेचं. नाव इंग्लंडातल्या लीड्सच्या जुन्या कारखान्याचं, विकणारे अमेरिकन, आणि घडवणारे कोपनहेगनचे प्रेबेन होल्म. बाऊलच्या काठावर गाठीची खडबडीत साल तशीच ठेवलेले ते बेबंद आकार सत्तरच्या दशकात अमेरिकेत पोत्याने खपले. होल्म १९८९ मध्ये गेले; पाइप अजून बाजारात फिरताहेत, बहुतेक सालीत पन्नास वर्षांची धूळ आणि मेण घेऊन. ती धूळ मऊ टूथब्रशने काढायची. तारेचा ब्रश हातात घेणाऱ्याला देव क्षमा करो.

फोटोवर पाइप घेणं आणि फोटोवर स्थळ पसंत करणं यांत फारसा फरक नाही. समोरून सगळेच देखणे. म्हणून चार फोटो मागून घ्यावेत. पहिला, अक्षरांचा, बॅटरीचा उजेड आडवा टाकून. सरळ उजेडात पुसट अक्षरंही दिसत नाहीत आणि पुसटपणाही दिसत नाही. दुसरा, स्टेम काढून शँकच्या तोंडाचा. केसाएवढी चीर असते ती इथेच. स्टेम म्हणजे तोंडात धरायची काळी नळी. गरम पाइपमधून ती उपटली की लाकूड तिथे तडकतं. तिसरा, बाऊलच्या तळाचा. हवेचं भोक तळाशी, मधोमध उघडायला हवं. वर उघडलं असेल तर खाली तंबाखू कायम ओली राहते. चौथा, बटणाचा, म्हणजे स्टेमच्या दातांत धरायच्या टोकाचा. हाताने घडवलेला स्टेम तिथे चारएक मिलिमीटर जाड असतो, आणि आधीच्या मालकाने त्यात दात रुतवलेले असतात. विक्रेता "फोटो काढायला वेळ नाही" म्हणाला तर आपल्यालाही घ्यायला वेळ नाही.

पाइप घरी आला. खरं संकट आता.

आतली काजळी ही बिडाच्या तव्यावरच्या थरासारखी असते. साबणाने तवा घासणाऱ्याकडे घरातले ज्या नजरेने बघतात, त्याच नजरेने मी पाकीटचाकूने बाऊल खरवडणाऱ्याकडे बघतो. थर एक मिलिमीटरपर्यंत असावा. त्याहून जाड झाला तर तापताना लाकडापेक्षा जास्त फुगतो आणि बाऊल फोडतो. रीमरचं, म्हणजे काजळी गोल खरवडायच्या हत्याराचं, सर्वांत लहान पातं आधी लावायचं, मग पुढचं. शेवटी पेन्सिलीला २२० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून हलक्या हाताने. चाकूने गोल भोक चौकोनी होतं, आणि ते पुन्हा गोल करण्याची विद्या अजून कुणाला साधलेली नाही.

मग वास. आधीच्या मालकाला चेरीच्या सुगंधाची तंबाखू आवडत असे, हे पाइप उघडल्यावर दहा फुटांवरून कळतं. बाऊलमध्ये कापूस भरायचा, ड्रॉपरने आयसोप्रोपिल अल्कोहोल घालायचं, शँकमध्ये एक पाइप क्लीनर, म्हणजे लव असलेली तार, खुपसायचा आणि रात्रभर ठेवून द्यायचं. सकाळी कापूस कटिंग चहाच्या रंगाचा होतो. काही जण कापसाऐवजी मीठ घालतात; ओलं मीठ शँकमध्ये उतरलं आणि तिथेच फुगलं की चीर गेलीच म्हणून समजा, त्यामुळे मी कापूसवाला. अल्कोहोलचा थेंब बाहेरच्या अंगावर मात्र पडता कामा नये. डॅनिश कारागिरांची रंगाची तऱ्हा अशी की आधी गडद रंग द्यायचा, तो घासून काढायचा म्हणजे फक्त रेषांत उरतो, आणि त्यावर फिकट नारिंगी चढवायचा. लाकडातल्या ज्या ज्वाळांसाठी आपण पैसे मोजले, त्या दोन रंगांच्या या खेळात असतात. एक ओघळ आला की ज्वाळा विझली.

पण सगळ्यांत जास्त जीव खातो तो स्टेम. जुने स्टेम एबोनाइटचे, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. उन्हात ठेवलं की ते शेवाळलेल्या हौदासारखं हिरवट-तपकिरी होतं आणि तोंडात धरलं तर चव लवंगी माळेची. हा पाइप बहुतेक वेळा कोपनहेगनच्या कुठल्याशा खिडकीत वर्षानुवर्षं ऊन खात पडलेला असतो. तिकडे ऊन दिसलं की माणसं खुर्ची बाहेर काढतात, तर पाइपची काय कथा. गरम पाण्यात टाकू नका, हिरवेपणा वाढतो. ब्लीच लावलं तर पृष्ठभाग देवी आल्यासारखा होतो. ४०० नंबरचा वॉटर पेपर, पाणी लावून. मग ६००, ८००, १०००, २०००. एक नंबर गाळलात तर त्याचे ओरखडे शेवटी, सगळं संपल्यावर, हसत वर येतात. दाताच्या खुणांवर लायटरची ज्योत झरझर फिरवली की एबोनाइट बरंच मूळ आकारावर येतं. ज्योत एका जागी थबकली तर ते जळतं आणि घरभर फटाक्यांचा वास दरवळतो.

इथे एक गोष्ट जीवावर उदार होऊन सांगतो: घासताना स्टेम पाइपला लावलेलाच ठेवा. सुटा घासला की कडा गोल होतात आणि मग जिथे नख लागत नव्हतं तिथे पायरी तयार होते. त्या कारागिराने दिवसभर खपून साधलेली सांध्याची सपाटी आपण पंधरा मिनिटांत घालवतो, तेही शिट्टी वाजवत.

राहिलं बफिंगचं चाक. घेऊ नका. चाकाला कडा आणि अक्षरं यांचं वैर असतं. शँकवर दोन सेकंद जास्त टेकलं की 'हँड मेड'मधलं 'हँड' जातं. शिवाय ते अधूनमधून पाइप हिसकावून समोरच्या भिंतीवर फेकतं. कार्नोबा नावाचं वनस्पतीचं मेण जुन्या सुती बनियनने हाताने चोळलं तरी पुरे. चकाकी थोडी कमी येते. येऊ दे.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे, जी डॅनिश पुस्तकांत नाही. पावसाळ्यात, त्यातून कोकणात, शँकचं लाकूड दमट हवा पिऊन फुगतं आणि स्टेम असा जाम होतो की जणू तो लाकडातच उगवला. जोर लावून पिळायचं नाही, तेल सोडायचं नाही, तापवायचं तर मुळीच नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून अर्धा तास फ्रीजरमध्ये, मटारच्या शेजारी. एबोनाइट लाकडापेक्षा जास्त आकसतं आणि सहसा स्टेम हलक्या पिळाने सुटतो. घड्याळाच्या दिशेने पिळावं, आत कुठे स्क्रूचे आटे असलेच तर ते उलगडत नाहीत. सुटला तर टोकावर साध्या पेन्सिलीचं शिसं घासून ठेवावं. नाहीच सुटला तर पिशवी परत बांधा, आणि दसऱ्यापर्यंत पाइपचं नाव काढू नका. हवा कोरडी झाली की तो आपणहून हातात येतो.