साखळी जिंकलेल्या मुलींचे तिकीट कापू नका

आज दुपारी एनसीएएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या, राष्ट्रीय महिला फुटबॉल स्पर्धेसाठी निवडलेल्या ६४ संघांची नावे जाहीर झाली. आपल्या कॉन्फरन्सच्या (म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाच्या) साखळीत पहिला आलेला, पण काल तिथल्या अंतिम सामन्यात हुकलेला माझ्या भाचीचा संघ त्यात नाही. त्याच साखळीत चौथा आलेला संघ मात्र आहे. संध्याकाळी एका स्नेह्यांनी माझी समजूत काढण्यासाठी फोन केला आणि बोलता बोलता म्हणाले, "मोक्याच्या सामन्यात जिंकतो तोच खरा विजेता." त्यांचा हेतू चांगला होता हे मला ठाऊक आहे, पण हे वाक्य माझ्या मनातून जात नाही, आणि ते मला मुळीच मान्य नाही.

ज्यांच्या घरात कोणी इथे अमेरिकेत कॉलेजसाठी खेळत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत हंगाम चालतो आणि त्याच्या उत्तरार्धात कॉन्फरन्समधले संघ एकमेकांशी साखळी सामने खेळतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांतल्या वरच्या काही संघांची बाद पद्धतीची स्पर्धा होते आणि बहुतेक कॉन्फरन्समध्ये ही छोटी स्पर्धा जिंकणाऱ्या संघालाच राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. उरलेल्या जागा निवड समिती भरते. मोठ्या कॉन्फरन्समधला संघ नोव्हेंबरमध्ये हरला, तरी समिती त्याला आत घेते. लहान कॉन्फरन्समधून बहुतेक वेळा एकच संघ जातो; त्यामुळे तिथे एक रविवार वाईट गेला की संपूर्ण हंगाम पाण्यात.

याचे उदाहरण माझ्या घराजवळच घडले आहे. २०२४ साली राष्ट्रीय स्पर्धेची उपांत्य आणि अंतिम फेरी आमच्या कॅरी गावातल्या वेकमेड सॉकर पार्क या मैदानावर झाली. नॉर्थ कॅरोलायना, ड्यूक, स्टॅनफर्ड आणि वेक फॉरेस्ट हे चारही संघ एसीसी या एकाच कॉन्फरन्समधले होते. अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाने वेक फॉरेस्टला १-० असे हरवून आपले बाविसावे एनसीएए विजेतेपद मिळवले. पण त्या वर्षीची एसीसीची स्पर्धा या चौघांपैकी कोणीही जिंकली नव्हती. ती फ्लोरिडा स्टेटने जिंकली होती. म्हणजे आपल्या कॉन्फरन्सची स्पर्धा न जिंकलेला संघ महिन्याभरात देशाचा विजेता ठरला आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटले नाही, वाटायचे कारणही नव्हते. मग माझ्या भाचीच्या संघालाच "मोक्याच्या सामन्याचा" हा धडा का ऐकवायचा?

भाचीच्या कॉन्फरन्सचा कालचा अंतिम सामना मी लोखंडी बाकांवर बसून, पावसात पाहिला. नव्वद मिनिटे गोलशून्य बरोबरी. नंतर दहा-दहा मिनिटांचे दोन जादा डाव झाले, त्यांतही गोल नाही. प्रतिस्पर्धी संघाने सगळ्या मुली आपल्या गोलपुढे उभ्या केल्या होत्या आणि त्यांना टायब्रेकरच हवा होता, हे उघड दिसत होते. त्यांना मी दोष देत नाही. साखळीत आमच्याकडून सपशेल हरलेल्या संघाने दुसरे काय करावे? टायब्रेकरमध्ये भाचीने आपला फटका व्यवस्थित मारला. पहिल्या वर्षातल्या एका मुलीचा फटका खांबाला लागून परत आला आणि सगळे संपले.

आणि कॉलेज फुटबॉलचा नियम असा आहे की टायब्रेकरवर निकाल लागला, तरी सामन्याची अधिकृत नोंद "बरोबरी" अशीच होते. साखळीत पहिला आलेला आणि शेवटच्या सामन्यात अधिकृतरीत्या न हरलेला संघ घरी बसतो, आणि हीच व्यवस्था आम्हाला वर्षानुवर्षे "रोमांचक" म्हणून दाखवली जाते. कोणासाठी रोमांचक? पडद्यावर पाहणाऱ्यांसाठी? या मुली गुरुवारी उपांत्य सामना खेळल्या, रविवारी अंतिम खेळल्या आणि मधल्या शुक्रवारी त्यांच्यापैकी निम्म्या जणी परीक्षेला बसल्या. भाची नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पहाटे हॉस्पिटलची ड्यूटी करून ती सरावाला पोहोचते. अडीच महिने अशा ओढाताणीत कमावलेले गुण पुसून टाकण्याचा अधिकार अकरा मीटरवरून मारलेल्या पाच-पाच फटक्यांना असू नये. लिहिताना माझा आवाज चढतो आहे, पण चढू दे.

बऱ्याच लहान कॉन्फरन्समध्ये पहिल्या क्रमांकाच्या संघाला अंतिम सामना घरच्या मैदानावर मिळतो, हे खरे आहे. तेवढा लाभ आम्हालाही मिळाला होता. मोठ्या कॉन्फरन्सची अडचण वेगळी आहे हेही मान्य करते; एसीसीत २०२४ साली सतरा संघ होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला साखळीचे दहाच सामने आले, त्यामुळे कोण कोणाशी खेळले यावर क्रम बदलू शकतो. पण ज्या लहान कॉन्फरन्समध्ये प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो, तिथे ही सबबही उरत नाही.

शिवाय दुसरा मार्ग होता आणि तो उत्तम चालत होता. पश्चिमेकडच्या जुन्या पॅक-१२ या कॉन्फरन्समध्ये महिलांची अशी बाद स्पर्धा कधी घेतलीच गेली नाही, तरी स्टॅनफर्डने २०११, २०१७ आणि २०१९ मध्ये, तर यूसीएलएने २०२२ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. हार्वर्ड, येल यांच्या आयव्ही लीग या कॉन्फरन्समध्येही २०२२ पर्यंत साखळीतल्या विजेत्यालाच थेट प्रवेश मिळे. २०२३ पासून त्यांनीही चार संघांची स्पर्धा सुरू केली. एवढी जुनी आणि विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचा विचार करणारी मंडळीही या वाटेला गेली, याचे मला अतिशय वाईट वाटले.

मी कोल्हापूरची आहे. शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल पाहत लहानाची मोठी झाले. आमच्याकडे केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) लीग वेगळी आणि नंतरचे चषक वेगळे; एखाद्या तालमीने, म्हणजे तिथल्या फुटबॉल संघाने, चषक मारला म्हणून दुसऱ्या तालमीने जिंकलेली लीग कोणी काढून घेत नाही. पेठापेठांत कितीही चुरस असली, तरी एवढा न्याय तिथल्या पोरासोरांनाही कळतो.

सामन्यानंतर आम्ही मैदानाच्या कडेला तिची वाट पाहत थांबलो होतो. ती आली तेव्हा मोज्यांवरची चिकटपट्टी सोडवून तिचा गोळा करून हातात घेतलेला होता आणि आमच्याशी बोलताना ती तो गोळा तळहातावर फिरवत राहिली. मी काही बोलायच्या आत तिनेच विचारले, "मावशी, ती फ्रेशमन मुलगी गेली का? तिला एकटीला जाऊ देऊ नका." तिचे स्वतःचे कॉलेजचे फुटबॉल त्या क्षणी संपले होते आणि तिला काळजी होती फटका हुकलेल्या मुलीची. त्या स्नेह्यांना मी हे फोनवर सांगू शकले नाही, कारण माझा गळा दाटून आला होता. ते हे वाचतील, त्यांनी रागावू नये. राग त्यांच्यावर नाहीच.

स्पर्धा बंद करा, असे माझे म्हणणे नाही. चौथ्या-पाचव्या क्रमांकाच्या मुलींनाही नोव्हेंबरात खेळायला मिळावे, त्यांनी चषक उंचवावा, फोटो काढावेत. राष्ट्रीय स्पर्धेचे थेट तिकीट मात्र साखळीतल्या विजेत्यालाच मिळाले पाहिजे. ते कोणाला द्यायचे हे प्रत्येक कॉन्फरन्स स्वतः ठरवते. यासाठी वरून कोणाच्या परवानगीची गरज नाही, सदस्य कॉलेजांनी बैठकीत ठराव केला की पुरे. मी आज रात्रीच भाचीच्या कॉन्फरन्सच्या कार्यालयाला पत्र लिहिणार आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या मुली, भाच्या, पुतण्या लहान कॉन्फरन्समध्ये खेळतात, त्यांनी आपापल्या कॉलेजच्या क्रीडा संचालकांना लिहावे. पुढच्या ऑगस्टच्या आत लिहावे, कारण हंगाम सुरू झाल्यावर नियम बदलत नाहीत.